अनुभवी खेळाडूंशी करार आणि लोनचे नियम : क्लबच्या कारभारात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

फुटबॉल क्लबमध्ये खेळाडू निवडण्याची जबाबदारी नव्यानेच अंगावर आलेल्या माणसासमोर पहिल्याच हंगामात दोन सोपे वाटणारे मार्ग येतात. तिशी ओलांडलेला, नाव कमावलेला खेळाडू हस्तांतरणाची रक्कम न मोजता आणणे हा एक, आणि दुसऱ्या क्लबचा खेळाडू काही महिन्यांसाठी लोनवर घेणे हा दुसरा. दोन्हींत तिजोरीवर एकदम मोठा भार पडत नाही, त्यामुळे दोन्हींच्या कागदपत्रांकडे जरा सैल हाताने पाहिले जाते. वास्तविक या दोन्ही व्यवहारांत क्लबच्या हाती खेळाडू येत नाही, खेळाडूचा मोजका काळ येतो. म्हणून इथे करार लिहायला शेवटापासून सुरुवात करावी लागते : हा खेळाडू केव्हा जाणार, कोणत्या कारणाने आधी जाऊ शकतो आणि जाताना कोण कोणाला काय देणे लागणार, हे ठरल्याशिवाय पगाराच्या आकड्याला हात घालू नये. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. नियम प्रामुख्याने फिफाच्या खेळाडू हस्तांतरण नियमावलीतील आहेत. प्रत्येक राष्ट्रीय संघटनेचे स्वतःचे नियम त्यावर असतात आणि ते वेगळे वाचावेच लागतात.

पहिली पायरी : नेमकी उणीव लिहून काढा

‘संघाला अनुभव हवा’ हे वाक्य बैठकीत सगळ्यांना पटते आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. अनुभव कोणत्या जागी, आठवड्यातून किती सामने आणि किती महिने हवा, हे कागदावर आले पाहिजे. २००० साली लिव्हरपूलने कोव्हेंट्रीकडून पस्तीस वर्षांच्या गॅरी मॅकअ‍ॅलिस्टरला विनामूल्य आणले. मध्यफळीत चेंडू शांतपणे खेळवणारा आणि फ्री किक, पेनल्टी यांवर भरवसा ठेवता येईल असा माणूस त्या तरुण संघाला हवा होता. त्या हंगामात लिव्हरपूलने लीग कप, एफए कप आणि यूएफा कप असे तीन करंडक जिंकले. चेल्सीने २०२० च्या ऑगस्टमध्ये पस्तीस वर्षांच्या थियागो सिल्वाला पॅरिसमधील करार संपल्यावर घेतले, ते बचावफळीला दिशा देण्यासाठी. पुढच्याच वर्षी चेल्सी चॅम्पियन्स लीग विजेता ठरला आणि सिल्वा २०२४ पर्यंत तिथे खेळला. ही उदाहरणे अपवादात्मक आहेत हे खरे. पण दोन्हींत खेळाडूचे काम आधी ठरलेले होते आणि ते काम पायांच्या वेगावर फारसे अवलंबून नव्हते.

जागेनुसार वयाचा हिशेब बदलतो. गोलरक्षक चाळिशीपर्यंत टिकू शकतो : एडविन व्हान डर सार २००५ मध्ये चौतीसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि २०११ मध्ये निवृत्त होईपर्यंत पहिल्या पसंतीचा गोलरक्षक राहिला. मध्यवर्ती बचावपटू आणि मागे राहून खेळ रचणारा मध्यरक्षक यांचीही धाव तुलनेने लांब असते. ज्यांचा सगळा खेळ पुन्हा पुन्हा वेगाने धावण्यावर उभा आहे, त्या विंगर आणि फुलबॅक यांच्या बाबतीत मात्र मागच्या दोन हंगामांतील आकडे बारकाईने पाहावेत. किती सामने खेळला यापेक्षा सामन्यांमधले अंतर किती होते, तीन दिवसांत दुसरा सामना खेळू शकला का, आणि सत्तराव्या मिनिटानंतर मैदानावर होता का, हे प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत.

दुसरी पायरी : तो खरोखर मोकळा आहे का ते पाहा

खेळाडू दुसऱ्या क्लबच्या करारात असेल, तर त्याच्याशी बोलणी सुरू करण्यापूर्वी त्या क्लबला लेखी कळवणे फिफाच्या नियमानुसार बंधनकारक आहे. त्याचा करार संपला असेल किंवा सहा महिन्यांच्या आत संपणार असेल, तरच तो नव्या क्लबशी करार करण्यास मोकळा असतो. करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला रक्कम द्यावी लागू नये, ही स्थिती युरोपात १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने दिलेल्या बॉसमन निकालाने आली, आणि अनुभवी खेळाडूंचा आजचा बाजार बहुतांशी त्यावरच चालतो.

नोंदणीची मुदत, म्हणजे ज्याला सगळे ट्रान्सफर विंडो म्हणतात ती, बंद झाली असली तरी एक वाट उरते. विंडो बंद होण्याआधीच ज्याचा करार संपला होता, अशा व्यावसायिक खेळाडूची नोंदणी विंडोबाहेरही होऊ शकते. नवख्या अधिकाऱ्यांना हा नियम अर्धाच माहीत असतो. करार विंडो संपल्यानंतर संपला असेल, तर ही सवलत लागू होत नाही. त्यामुळे एजंटने ‘माणूस फ्री आहे’ असे सांगितले, की कोणत्या तारखेपासून फ्री आहे याचा कागद मागावा.

आणखी दोन तपासण्या याच टप्प्यावर उरकाव्यात. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने तो त्यांपैकी दोनच क्लबांसाठी खेळू शकतो. ज्यांचे हंगाम वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होऊन एकमेकांवर येतात अशा देशांमधून येणाऱ्यांसाठी यात अपवाद आहे, पण तो आपल्या प्रकरणात बसतो की नाही हे संघटनेकडून लेखी घ्यावे. दुसरे असे की, जुन्या संघटनेने घातलेली चार सामन्यांपर्यंतची किंवा तीन महिन्यांपर्यंतची बंदी भोगायची राहिली असेल, तर ती खेळाडूबरोबर नव्या देशात येते.

तिसरी पायरी : वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी

या पायरीची जागा बदलता येत नाही. वैद्यकीय तपासणी यशस्वी झाली तरच किंवा कामाचा परवाना मिळाला तरच करार वैध राहील, अशी अट फिफाच्या नियमांना मान्य नाही. सही झाली की करार बांधतो. मग नंतर गुडघ्यात काही सापडले तरी पगार चालू राहतो. तिशीपुढच्या खेळाडूच्या बाबतीत जुन्या शस्त्रक्रियांचे अहवाल, गुडघ्यातील कूर्चेची अवस्था, मांडीच्या मागच्या स्नायूंच्या वारंवार होणाऱ्या दुखापती आणि घोट्यामागची शीर (अकिलीस टेंडन) यांकडे डॉक्टरांचे विशेष लक्ष वेधावे. तपासणीला एक पूर्ण दिवस द्यावा. विंडोच्या शेवटच्या संध्याकाळी उरकलेली तपासणी औपचारिकता ठरते आणि तिचे बिल पुढे दोन वर्षे येत राहते.

चौथी पायरी : कराराची लांबी आणि कलमे

फिफाच्या नियमानुसार व्यावसायिक करार किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंतचा आणि कमाल पाच वर्षांचा असतो. अनुभवी खेळाडूसाठी प्रश्न कमाल मर्यादेच्या बराच अलीकडे असतो : एक वर्ष की दोन? क्लबला एक हवे असते, खेळाडूला दोन किंवा तीन, आणि ओढाताण बहुतेक वेळा इथेच होते. मिलानने आंद्रेआ पिर्लोला बत्तिसाव्या वर्षी एकाच वर्षाचा करार देऊ केला, कारण तिशीपुढच्यांना वर्षावर्षाचेच करार देण्याचे त्यांचे धोरण होते. पिर्लो २०११ मध्ये युव्हेंट्सला विनामूल्य गेला आणि त्याच्यासह युव्हेंट्सने सलग चार वेळा सेरी आ ही इटलीची अव्वल लीग जिंकली. उलट बाजूचे उदाहरण बास्टियन श्वाइनश्टायगरचे आहे. २०१५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्याला आणणारे प्रशिक्षक लुई व्हान गाल पुढच्याच वर्षी गेले, नव्या प्रशिक्षकाच्या योजनेत त्याला जागा उरली नाही आणि २०१७ च्या मार्चमध्ये तो शिकागोला गेला. पहिल्या प्रकरणात वयाचा ठोकळ नियम माणसापेक्षा मोठा ठरला. दुसऱ्यात करार प्रशिक्षकापेक्षा जास्त जगला. माझे मत असे, की अनुभवी खेळाडूचा पक्का काळ सध्याच्या प्रशिक्षकाच्या उरलेल्या कराराहून लांब नसावा. त्यापुढचे वर्ष हवेच असेल, तर ते अटीवर ठेवावे.

ही अट कशी लिहावी, यावर बरेच काही अवलंबून असते. केवळ क्लबच्या मर्जीने करार वाढवण्याचा एकतर्फी अधिकार वादात टिकेलच असे नाही. फिफाचे वाद निवारण मंडळ आणि क्रीडा लवाद अशा कलमांकडे साशंकतेने पाहतात. ठरावीक सामने खेळल्यास करार आपोआप एक वर्ष वाढेल, ही रचना दोघांनाही समजते. पण तिचा एक दुष्परिणाम आहे. हंगामाच्या अखेरीस खेळाडू त्या आकड्याच्या जवळ आला, की त्याला बाहेर बसवण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो आणि ते ड्रेसिंग रूममध्ये लपत नाही. म्हणून आकडा मध्यम ठेवावा, ‘सामना’ म्हणजे सुरुवातीच्या अकरांत असणे की बदली म्हणून उतरणेही, हे स्पष्ट करावे, आणि दुखापतीमुळे हुकलेल्या सामन्यांचे काय होईल ते लिहावे. एका वर्षाचा करार आणि दोघांच्या संमतीने पुढचे वर्ष, ही साधी रचना अजूनही सर्वांत कमी भांडणाची आहे. झ्लाटान इब्राहिमोविच २०१६ मध्ये चौतीसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडमध्ये एका वर्षाच्या करारावर आला, त्याने त्या हंगामात सर्व स्पर्धांत मिळून २८ गोल केले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याचा गुडघा गंभीर दुखावला. करार उन्हाळ्यात संपला, क्लबला घाईने निर्णय घ्यावा लागला नाही, आणि सुधारणा दिसल्यावर ऑगस्टमध्ये त्याच्याशी नवा करार झाला.

पैशांची वाटणी करताना मूळ पगार कमी आणि प्रत्यक्ष खेळण्यावरचे मानधन जास्त, असा कल असावा. मात्र खेळाडू दुखापतग्रस्त असताना हातात काहीच पडणार नाही इतके टोक गाठू नये, कारण मग तो दुखापत लपवून खेळतो. विनामूल्य आलेला खेळाडू फुकट नसतो : सही करताना द्यायची रक्कम, एजंटचे शुल्क आणि पगार मिळून खर्च बराच होतो आणि वर्ष-दोन वर्षांनी तो विकून वसूलही होत नाही. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांसाठी २०२५-२६ च्या हंगामापासून पगार, हस्तांतरण आणि एजंट यांवरील खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा यूएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेचा, नियम आहे, आणि त्या हिशेबात अनुभवी खेळाडूचा पगार पुरेपूर धरला जातो.

वयामुळे काही नियम सैल होतात, काही वेगळे लागतात. खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना द्यायची प्रशिक्षण भरपाई त्याच्या तेविसाव्या वाढदिवसाच्या वर्षाच्या अखेरपर्यंतच द्यावी लागते, त्यामुळे या व्यवहारात तिचा प्रश्न येत नाही. हस्तांतरणाची रक्कम दिली असेल, तर त्यातील पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना द्यावेच लागतात, मग तो पस्तीस वर्षांचा का असेना. करार अठ्ठावीसाव्या वाढदिवसानंतर झाला असेल, तर त्याचा संरक्षित कालावधी तीनऐवजी दोन वर्षांचा असतो, म्हणजे दोन वर्षांनंतर करार मोडणाऱ्यावर क्रीडाविषयक शिक्षेची टांगती तलवार राहत नाही. प्रस्थापित खेळाडूला हंगामात क्लबच्या दहा टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळवले गेले असेल, तर हंगामातील शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांच्या आत तो क्रीडाविषयक रास्त कारणावरून करार संपवू शकतो. नामवंत खेळाडूला केवळ बाकावरच्या सोबतीसाठी आणणाऱ्यांनी हा नियम भिंतीवर लावून ठेवावा.

पगार थकवण्याविषयी दोन ओळी पुरेत. दोन महिन्यांचे पगार बेकायदेशीररीत्या थकले, तर खेळाडू पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन करार संपवू शकतो. आणि पगाराला उशीर झाला तरी चालेल अशी वाढीव मुदत क्लबने करारात लिहून घेतली असली, तरी फिफा ती मान्य करत नाही. नको झालेल्या खेळाडूला एकट्याने सराव करायला लावून कंटाळवून सोडायचे, ही जुनी युक्तीही आता धोक्याची आहे, कारण करार मोडायला भाग पाडणारे अपमानास्पद वर्तन हे खेळाडूला रास्त कारण मिळवून देते.

पाचवी पायरी : यादीतील जागा मोजा

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंचवीस जणांची यादी द्यावी लागते. त्यात देशात न घडलेले, म्हणजे तरुणपणी तिथल्या क्लबांत तयार न झालेले, खेळाडू सतरापेक्षा जास्त चालत नाहीत, आणि एकवीस वर्षांखालील खेळाडू यादीबाहेर राहूनही खेळू शकतात. यूएफाच्या मुख्य यादीतही पंचवीस जागा असून आठ स्थानिक पातळीवर घडलेल्यांसाठी राखीव असतात. तरुण खेळाडू जागा न अडवता येतो; अनुभवी खेळाडू नेहमी एक जागा घेतो. लीग कोणतीही असो, सही करण्याआधी यादी समोर ठेवून कोणाचे नाव कापले जाणार हे ठरवावे.

सहावी पायरी : लोनची चौकट समजून घ्या

लोनमध्ये खेळाडूचा मूळ क्लबशी असलेला करार संपत नाही. वेगळे काही ठरले नसेल तर तो लोनच्या काळापुरता स्थगित राहतो, खेळाडू घेणाऱ्या क्लबशी स्वतंत्र करार करतो आणि दोन क्लबांमध्ये तिसरा कागद होतो. तिन्ही कागदांतील तारखा जुळल्या पाहिजेत.

१ जुलै २०२२ पासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणल्या. मोठे क्लब डझनावारी खेळाडू विकत घेऊन ते जगभर पाठवत होते आणि त्यांतले अनेक कधीच परत येत नव्हते; या साठेबाजीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता. पहिल्या हंगामात एका क्लबला आठ खेळाडू बाहेर देण्याची आणि आठ घेण्याची मुभा होती, पुढच्या हंगामात सात, आणि १ जुलै २०२४ पासून सहा. त्याशिवाय दोन विशिष्ट क्लबांमध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त खेळाडू एका दिशेने जाऊ शकत नाहीत. सूट आहे ती तरुण आणि क्लबनेच घडवलेल्या खेळाडूंचा विचार करून ठेवलेली. दुसरीकडे घडून आलेला बत्तीस वर्षांचा खेळाडू परदेशी क्लबने लोनवर दिला, तर तो दोन्ही क्लबांच्या सहांत मोजला जातो. अनुभवी खेळाडू लोनवर आणणे म्हणजे पंचवीसच्या यादीतील एक जागा आणि सहांतील एक जागा अशा दोन जागा एकाच माणसावर खर्च करणे, हे लक्षात घेऊनच पुढे जावे.

लोनचा किमान काळ दोन नोंदणी मुदतींमधील अंतराइतका आणि कमाल एक वर्षाचा असतो. वाढवायचा असेल तर खेळाडूची लेखी संमती लागते. घेणारा क्लब त्याच खेळाडूला तिसऱ्या क्लबला लोनवर देऊ शकत नाही. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत पूर्वी विंडो बंद असतानाही महिना-दोन महिन्यांसाठी तातडीचे लोन घेता येत असे. २०१६-१७ च्या हंगामापासून गोलरक्षकांचा अपवाद सोडता ती सोय बंद झाली. जुन्या जाणत्यांच्या सल्ल्यात ती अजून डोकावते, म्हणून इथे सांगितले.

लोन मध्येच मोडले तर काय, हेही आता स्पष्ट आहे. घेणाऱ्या क्लबशी झालेला करार मुदतीआधी संपला, तर खेळाडूला मूळ क्लबकडे परतण्याचा हक्क आहे आणि त्या क्लबने त्याला लगेच सामावून घ्यावे लागते. मात्र त्याची नोंदणी व्हायला विंडो उघडी असावी लागते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये परतलेला खेळाडू जानेवारीपर्यंत नुसता सराव करत बसू शकतो.

राष्ट्रीय संघटनांनी देशांतर्गत लोनसाठीही नियम करावेत यासाठी फिफाने तीन वर्षांची मुदत दिली होती, आणि हे नियम देशोदेशी वेगळे आहेत. प्रीमियर लीगमध्ये त्याच लीगमधील क्लबांकडून एका वेळी दोनच खेळाडू लोनवर घेता येतात, हंगामात एकूण चार, आणि एकाच क्लबकडून एका वेळी एकच.

सातवी पायरी : लोनचा करार कलमागणिक लिहा

पगार कोण देणार, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर टक्केवारीत लिहून भागत नाही. बोनस, निवास, विमा आणि सामना जिंकल्यावरचे मानधन कोणाकडे, हे वेगवेगळे लिहावे. घेणारा क्लब पगार थेट खेळाडूला देणार की मूळ क्लबमार्फत, हेही ठरवावे, कारण थकबाकीचा वाद उद्भवला की पहिली विचारणा त्याचीच होते. लोनसाठी शुल्क घेतले असेल, तर त्यावरही घडवणाऱ्या क्लबांचे पाच टक्के लागू होतात.

दुसरा मुद्दा परत बोलावण्याचा. मूळ क्लबला हिवाळी विंडोत खेळाडू मागे घेण्याचा हक्क हवा असतो. घेणाऱ्या क्लबला नेमका तेव्हाच तो सोडवत नाही. हा हक्क दिलाच, तर तो कोणत्या तारखेपर्यंत वापरायचा हे लिहावे, आणि ती तारीख विंडो संपण्याच्या किमान दोन आठवडे आधीची असावी, म्हणजे पर्याय शोधायला वेळ राहतो.

तिसरा मुद्दा खरेदीचा. लोनअखेरीस विकत घेण्याचा पर्याय आणि विकत घेण्याचे बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलियन एम्बापे २०१७ मध्ये मोनॅकोहून पॅरिस सेंट जर्मेनला आला तो लोनवर, पण पुढे खरेदी होणारच अशा रचनेत, आणि रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात ढकलली गेली. यूएफाच्या हिशेबी नियमांत बिनशर्त बंधन असलेले लोन पहिल्या दिवसापासून कायमच्या हस्तांतरणासारखे दाखवावे लागते, तेव्हा केवळ कागदावर खर्च लांबवण्यासाठी ही वाट धरू नये. घेणाऱ्या लहान क्लबने पर्याय मागावा, बंधन टाळावे. पर्यायही मिळत नसेल, तर कोवळ्या खेळाडूवर वर्षभर मेहनत घेणे म्हणजे भाड्याच्या घराला पदरच्या पैशाने रंग देण्यासारखे आहे. तिथे तयार, अनुभवी खेळाडू मागणे शहाणपणाचे ठरते.

चौथा मुद्दा मूळ क्लबविरुद्धच्या सामन्याचा. २००४ मध्ये न्यूकॅसलने पोर्ट्समथला लोनवर दिलेल्या लोमाना लुआलुआने न्यूकॅसलविरुद्धच बरोबरीचा गोल केला, आणि त्यानंतर प्रीमियर लीगने अशा सामन्यांत लोनवरील खेळाडूस मनाई केली. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदचा फर्नांदो मोरिएन्तेस मोनॅकोकडून रेआलविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत गोल करून गेला आणि रेआल बाद झाले. युरोपीय स्पर्धांत अशी मनाई नाही. २०१४ मध्ये चेल्सीचा गोलरक्षक थिबो कोर्तुआ आत्लेतिको माद्रिदकडे लोनवर असताना उपांत्य फेरीत हे दोन क्लब समोरासमोर आले. त्याला खेळवल्यास पैसे द्यावे लागतील असे कलम करारात होते. एका क्लबने दुसऱ्याच्या संघनिवडीवर प्रभाव टाकणारे कलम लागू करता येणार नाही, असे यूएफाने स्पष्ट केले, कोर्तुआ खेळला आणि आत्लेतिको अंतिम फेरीत गेला. २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असे हरवले, त्यांतले दोन गोल बार्सिलोनानेच लोनवर दिलेल्या फिलिपे कुटिन्योचे होते. म्हणून ‘आमच्याविरुद्ध खेळू नये’ हे वाक्य करारात घालण्याआधी ते त्या स्पर्धेच्या नियमांत चालते का, हे पाहावे. जिथे स्पर्धेचे नियमच मनाई करतात तिथे त्याची गरज नाही, आणि जिथे करत नाहीत तिथे ते बहुधा टिकत नाही.

पाचवा मुद्दा दुखापतीचा, आणि अनुभवी खेळाडूच्या लोनमध्ये तो सर्वांत वजनदार आहे. डेव्हिड बेकहम लॉस एंजेलिसच्या क्लबकडून दुसऱ्यांदा लोनवर मिलानला गेला असताना मार्च २०१० मध्ये त्याच्या घोट्यामागची शीर तुटली. त्याचा विश्वचषक हुकला आणि मूळ क्लबलाही तो अनेक महिने मिळाला नाही. शस्त्रक्रिया कोणत्या डॉक्टरकडे, पुनर्वसन कुठे, त्या काळातील पगार कोणाचा आणि विमा कोणी काढायचा, ही चार वाक्ये करारात नसतील तर दोन क्लबांचे डॉक्टर एकमेकांना पत्रे लिहीत बसतात आणि खेळाडू ताटकळतो. घेणाऱ्या क्लबने मागील दोन हंगामांची सराव आणि दुखापतीची नोंद लोनच्या आधी मागून घ्यावी. मूळ क्लबने आठवड्याच्या सरावाचा अहवाल परत मागावा.

अनुभवी खेळाडूचे लोन यशस्वी व्हायला दोन्ही क्लबांची गरज एकाच काळात पुरी व्हावी लागते. हेन्रिक लार्सन जानेवारी २००७ मध्ये पस्तीसाव्या वर्षी हेल्सिंगबोर्गहून मँचेस्टर युनायटेडला आला, तेव्हा स्वीडनमधील हंगाम बंद होता. तेरा सामने, तीन गोल अशी छोटी पण उपयोगी कामगिरी करून, ठरल्याप्रमाणे तो मार्चमध्ये परत गेला. युनायटेडला तो आणखी राहावा असे वाटत होते. पण परतीची तारीख आधीच ठरलेली असल्याने वाद झाला नाही.

आठवी पायरी : नोंदणी

आंतरराष्ट्रीय व्यवहार, मग तो कायमचा असो वा लोनचा, फिफाच्या ट्रान्सफर मॅचिंग सिस्टीम या ऑनलाइन प्रणालीत दोन्ही क्लबांनी स्वतंत्रपणे भरावा लागतो. २०१० च्या ऑक्टोबरपासून पुरुष व्यावसायिक खेळाडूंसाठी ते सक्तीचे आहे. दोघांनी भरलेला तपशील तंतोतंत जुळल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. जुन्या संघटनेचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र आल्याशिवाय खेळाडू अधिकृत सामना खेळू शकत नाही, आणि लोन संपून परत जाताना हेच सगळे उलट दिशेने पुन्हा करावे लागते. एजंटचा परवाना, कोणत्याही त्रयस्थाचा खेळाडूच्या आर्थिक हक्कांत वाटा नसल्याची घोषणा, करारांच्या प्रती आणि पैसे दिल्याचे पुरावे एकाच जागी ठेवावेत. त्रयस्थ मालकीवर मे २०१५ पासून बंदी आहे आणि परदेशी लोनमध्येही ही घोषणा मागितली जाते.

हे काम सही करणाऱ्या अधिकाऱ्याने शेवटच्या दिवशी स्वतः करू नये. विंडो उघडण्याच्या आठवडाभर आधी क्लबच्या नोंदणी प्रमुखाबरोबर बसून प्रत्येक संभाव्य व्यवहाराचे रिकामे अर्ज तयार ठेवावेत, आणि प्रत्येक अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात कराराची किंवा लोनची शेवटची तारीख, करार वाढण्याची अट आणि परत बोलावण्याची मुदत अशा तीन नोंदी ठळक लिहून त्या क्लबच्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी चढवाव्यात.